फ्रेझर पाचवा

दर रविवारी दुपारी चारच्या सुमाराला त्या घरातलं जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलं जाई आणि त्यावर जगातले आजवरचे दहा सर्वश्रेष्ठ हेवीवेट बॉक्सर मांडले जात. पत्त्याएवढी पुठ्ठ्याची दहा कार्डं, प्रत्येकावर मासिकातून कापून चिकटवलेला एकेक फोटो, आणि टेबलाच्या कडेला खडूने लिहिलेले एक ते दहा आकडे. कोण कितवा हे ठरवण्याचा अधिकार घरात एकाच माणसाचा होता.

तो माणूस सत्तरीला टेकलेला. तरुणपणी सहा-सात वर्षं रिंगमध्ये उतरला होता, पण त्या काळाबद्दल विचारलं तर म्हणायचा, "मारण्यापेक्षा खाण्यातच नाव काढलं मी." खरं नाव काढलं ते नंतर, दुसऱ्यांच्या जखमा बांधण्यात. दोन राऊंडच्या मध्ये साठ सेकंद मिळतात. तेवढ्यात फुटलेल्या भुवईचं रक्त थांबवायचं, सुजलेला डोळा उघडायचा, पाणी पाजायचं, आणि हादरलेल्या पोराला पुन्हा माणसात आणायचं. तीस वर्षं तो रिंगच्या कोपऱ्यात उभा राहून हे करत आला. व्यायामशाळेचा अख्खा गोतावळा त्याला 'मलम' म्हणे.

त्याच्या मुलीलाही टोपणनाव होतं. लहानपणापासून तिला जे दिसेल ते मोजायची खोड. जिन्याच्या पायऱ्या, नळाचे थेंब, आईच्या कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर. मलमने तिचं नाव ठेवलं 'मोजपट्टी', आणि पुढे रसायनशास्त्रात पदवी घेऊनही ती घरात मोजपट्टीच राहिली.

दीड वर्षापूर्वी मलमचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग वार, मग परतीचा रस्ता. डॉक्टर म्हणाले, तरुणपणी डोक्याला बसलेले ठोसे आता व्याजासकट वसूल होताहेत. त्यांनी चाचण्या दिल्या. घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात-सात वजा करत या. मलमने पेन्सिल टेबलावर आपटली. "मी काय बालवाडीत आलोय का?"

तेव्हा मोजपट्टीला कार्डांची आठवण झाली. ती अकरा वर्षांची असताना बापलेकीने मिळून केलेली ती कार्डं बुटांच्या खोक्यात पडून होती. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिच्या तेव्हाच्या अक्षरात अख्खी यादी. पहिला जो लुई, दुसरा अली, तिसरा मार्सियानो, आणि असं करत दहावा टायसन. ही यादी मलमने वीस वर्षांत कुणाच्याही बापासाठी बदलली नव्हती. झोपेतून उठवून विचारलं तरी तो ती म्हणून दाखवी, आणि वर भांडणाची तयारी ठेवी. मग याहून चांगलं मोजमाप कुठलं? कार्डं पिसून त्याच्यापुढे ठेवायची, त्याने ती लावायची, आणि झाकणावरच्या यादीशी ताडून पाहायची. दहा कार्डांच्या जोड्या होतात पंचेचाळीस. त्यातल्या किती उलट्या पडल्या तो आकडा वहीत लिहायचा. डॉक्टरांना कल्पना आवडली. "चालेल की. महिन्याला एकदा वही दाखवत जा."

मलमलाही आवडली, कारण त्याला ती परीक्षा वाटलीच नाही. शेंगदाणे खाता खाता तो एकेक कार्ड उचले आणि लेकीला सुनवे, "अली दुसरा. हो, दुसरा! लोकांना बोलणारा माणूस आवडतो. लुईने जवळजवळ बारा वर्षं किताब सांभाळला, पंचवीस वेळा राखला, आणि तोंडातून चकार शब्द नाही."

पहिले काही रविवार आकडा बहुतेक एकच आला. एक, एक, एक, दोन, एक. ती उलटी जोडी कुठली हे मोजपट्टीला न पाहता माहीत होतं. फ्रेझर आणि फोरमन. मलमचा फ्रेझर कायम पाचवा आणि फोरमन सहावा. पण अकरा वर्षांच्या मोजपट्टीने झाकणावर लिहिताना स्वतःचं डोकं चालवून फोरमनला पाचवा केला होता. "बाबा, फ्रेझर त्याच्याशी दोनदा हरला. हरलेला वर कसा?" मलम पोट धरून हसला होता. म्हणाला होता, "राहू दे तुझ्या कागदावर. टेबलावर मात्र माझंच चालणार. त्या पहिल्या लढतीत फ्रेझर दोन राऊंडमध्ये सहा वेळा पडला असं सगळं जग सांगतं. सहा वेळा उठला असं कुणी सांगतं का?"

हे त्याचं फ्रेझरपुराण पुढे चालू राही. अलीशी झालेली तिसरी लढत. चौदा राऊंड झालेले, एकच उरलेला, फ्रेझरला डोळ्यांनी धड दिसत नाही, तरी तो उठायला निघालेला. आणि त्याच्या प्रशिक्षकाने त्याला उठू दिलं नाही. लढत तिथेच थांबवली. "फ्रेझर नको नको म्हणत होता," मलम सांगे. "पण जो लढत असतो ना, त्याला कधी थांबायचं ते दिसत नाही. ते कोपऱ्यातल्याला दिसावं लागतं. आणि दिसलं की त्याने शिव्या खायची तयारी ठेवावी."

मग आकडे चढू लागले. तीन. चार. सात. नऊ. एका रविवारी चौदा, आणि त्या दिवशी मलम मधेच उठून आपली पिशवी शोधायला लागला, सहाची लढत आहे म्हणून. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. पुढचे दोन रविवार आई म्हणाली, "यांना सर्दी झालीये, आज नको."

आणि तिसऱ्या रविवारी आलं शून्य.

मोजपट्टीने तीनदा ताडून पाहिलं. एकही जोडी उलटी नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा शून्य. मग पुन्हा. मलम आता बोलत नव्हता, पुराण सांगत नव्हता, पण कार्डं मात्र बिनचूक लावत होता. डॉक्टर वही पाहून म्हणाले, "असं सहसा होत नाही. पण कुणाकुणाला गोळी लागू पडते." तिला तेवढंच ऐकायचं होतं.

कारण तिच्या टेबलाच्या खणात एक पत्र होतं. दूरच्या एका बंदराच्या शहरातल्या प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं, समुद्राच्या पाण्यातले क्षार मोजण्याच्या कामावर. तीन वर्षांचं काम. बाबांच्या आजारपणासाठी तिने एकदा मुदत वाढवून घेतली होती, आता दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. सोमवारपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. चौथ्या शून्याला तिने होकार लिहून ठेवला. पाचव्या शून्यानंतर पाठवायचा असं ठरवलं. तो पाचवा रविवार आज होता.

आज टोलेकाकाही आले होते. टोलेकाका म्हणजे मलमचा जन्माचा दोस्त. रिंगच्या बाजूला बसून घड्याळ लावणं आणि राऊंडची घंटा वाजवणं हे त्यांचं काम, म्हणून टोले. हातात केळ्यांचा घड आणि तोंडात बडबड घेऊनच ते दारातून शिरत.

"काय मलम्या, अजून तो लुईच पहिला का? अरे, आता तरी सुधार!"

मलमने त्यांच्याकडे पाहिलं आणि नम्रपणे हसला. पाहुण्याकडे पाहून हसावं तसा.

टोलेकाकांचा घड हातातच राहिला. मग ते दुप्पट मोठ्या आवाजात म्हणाले, "वहिनी, चहा टाका! आज याला हरवूनच जातो."

"चहा ठेवलाय," आई म्हणाली. ती मलमच्या मागे उभी राहून त्याच्या मानेला आणि खांद्यांना तेल लावत होती. त्याची मान आखडते म्हणून हल्ली दर रविवारी कार्डांच्या वेळीच तिचं हे काम चाले. बाहेर उकाड्याने जीव नकोसा झाला होता, पण आईने मनगटापर्यंत बाह्या असलेला स्वेटर घातला होता. दोन महिने तिची एकच तक्रार होती, थंडी वाजते.

मोजपट्टीने कार्डं पिसून ठेवली. मलमने पहिलं उचललं. मार्सियानो. थोडा वेळ धरून ठेवलं, मग तिसऱ्या जागेवर ठेवलं.

"वा!" टोलेकाका खूश झाले. "एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास जिंकल्या. हे नाही विसरणार तो. अगं मोजपट्टी, तुझ्या बापाचं डोकं म्हणजे काय सांगू तुला! त्या रिंगच्या डॉक्टरला कसा गंडवायचा माहितीये? एखाद्या पोराला जोरदार बसला की डॉक्टर यायचा कोपऱ्यात. बोटं दाखवायचा, किती सांग. पोराला तर डॉक्टरच दोन दिसायचे. मग हा मागे उभा राहून खांदे चोळायचं निमित्त करायचा, आणि चोळता चोळता अंगठ्याने दाबायचा. तीन बोटं तर तीनदा. पोरगं गुंगीत असल्यासारखं म्हणायचं, तीन. डॉक्टर म्हणायचा, ठीक आहे, लढू दे!"

टोलेकाका स्वतःच्याच गोष्टीवर मांडी थोपटत हसले. खोलीत बाकी कुणी हसलं नाही.

आईचे हात मलमच्या खांद्यांवर थांबले होते.

मलमच्या हातात आता फोरमनचं कार्ड होतं. तो ते नुसता धरून बसला. कुठेच ठेवेना. टेबलावरच्या आकड्यांकडे पाहीना. तो कशाची तरी वाट पाहत होता, बसथांब्यावर उभं राहून पाहावी तशी, शांतपणे.

"ठेवा ना, बाबा," मोजपट्टी म्हणाली.

त्याने मान किंचित मागे केली.

आईने लेकीकडे पाहिलं नाही. तिचा डावा तळहात मलमच्या खांद्यावर पूर्ण टेकला, एकदाच, आणि उचलला गेला. मलमने फोरमन पाचव्या जागेवर ठेवला. आणखी काही कार्डं लागली, मग फ्रेझरचं आलं. तळहात एकदा, मग अंगठा एकदा. फ्रेझर सहावा.

मोजपट्टीने पेन खाली ठेवलं. चार आठवडे ती शून्याकडे पाहून सुखावत होती. तिच्या रसायनशास्त्राच्या मास्तरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, फार स्वच्छ आकडा आला तर आधी उपकरण तपासा. आणि तिने तपासलं नव्हतं. तिच्या बापाला स्वतःची यादी आठवत होती तेव्हा त्याचा आकडा कधी शून्य आलाच नव्हता. एक येई. तो एक म्हणजेच तिचा बाप होता.

"आई, चहा उतू जातोय," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात चहा शांत उकळत होता. आईने गॅस बंद केला आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिली.

"कधीपासून?" मोजपट्टीने हळू आवाजात विचारलं.

"यांना सर्दी झाली म्हणाले होते ना मी, तेव्हापासून."

"डॉक्टरांना आपण खोटं दाखवलं, आई. त्यांनी गोळ्या वाढवल्या असत्या, काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतं? आधीच म्हणालेत ते, हे परत फिरत नसतं." आईने पदराने उगाच ओटा पुसला. "आणि माझ्या डोक्यातून नाही आलं हे. यांनीच शिकवलं मला."

"बाबांनी?"

"एक दिवस सकाळी उठून बसले. अगदी पहिल्यासारखे. म्हणाले, माझी यादी मला सापडत नाही गं. पोरीचं पत्र आलंय ना? ती माझ्या आकड्यासाठी थांबलीये. तिला जाऊ दे. तू माझ्या कोपऱ्यात उभी राहा." आईने कप ओट्यावर ओळीने मांडायला घेतले. "जन्मात एक लढत पाहिली नाही मी. मला ते दहाही सारखेच दिसायचे, उघडे आणि घामेजलेले. भाजी निवडता निवडता पाठ केले. पाचाला तळहात, एकाला अंगठा. नावं आता यांना कळत नाहीत, पण खांद्यावरचं दाबणं कळतं."

"यादी कुठून घेतली?"

"झाकणावरून. दोघांनी मिळून वाचली."

मोजपट्टीला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तरी तोंडातून गेलाच. "फ्रेझर सहावा लिहिलाय तिथे. बाबा काही म्हणाले नाहीत?"

"नाही," आई म्हणाली. "काय म्हणायचं होतं?"

काहीतरी करायचं म्हणून मोजपट्टीने काकांसाठी गार पाणी काढायला फ्रिज उघडला. बाटली गार नव्हती, म्हणून वरचा बर्फाचा कप्पा उघडला. बर्फाच्या ट्रेमागे फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते सोडलं. मलमची छोटी लोखंडी इस्त्री. काडेपेटीएवढा तुकडा, वर मूठ. गार करून सुजेवर दाबून धरायची, म्हणजे डोळा उघडतो. ती गेली आठ वर्षं त्याच्या पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर होती.

ती इस्त्रीकडे पाहत राहिली. मग आईच्या स्वेटरकडे.

"बाही वर कर."

"काही नाही गं ते."

"आई, बाही वर कर."

आईने केली नाही. मोजपट्टीने पुढे होऊन हळूच सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत डाग होते. जुने पिवळे, त्यांवर हिरवट, आणि कोपराजवळ एक ताजा, जांभळा, टरारून फुगलेला.

"त्यांना कळत नाही," आई घाईने म्हणाली. "पहाटे जागे होतात आणि त्यांना वाटतं समोर कुणीतरी उभं आहे. हात आपोआप वर जातात. मी पण ना, तोंड वाचवायला शिकलेय आता. एकदाच गालावर लागला. तेव्हा तू चार दिवस मैत्रिणीकडे गेली होतीस."

"मी शेजारच्या खोलीत झोपते, आई."

"म्हणून तर ओरडत नाही." आईने बाही खाली ओढली आणि लेकीचे दोन्ही हात धरले. "ऐक. एवढाच एक रविवार. उद्या तू कळव, परवा तिकीट काढ. एकदा तू गेलीस की मग काय व्हायचं ते होऊ दे. मी बघेन. मला जमतंय सगळं."

डागांनी भरलेल्या हातांनी ती लेकीला दाराकडे ढकलू पाहत होती. मोजपट्टीला वाटलं, इतके दिवस आपण चुकीच्या माणसाचे आकडे लिहीत होतो.

"नाही जमत, आई," ती म्हणाली. "मी थांबवते आता."

"काय थांबवतेस? एवढं शिकलीस, आणि इथे आमची उस्तवार करत बसणार? त्यांनी शेवटचं शहाणपणाने काही ठरवलं असेल तर ते हे. तेही तू मोडणार?"

"हो."

"मूर्ख आहेस!"

"असू दे."

आई रडायला लागली. रागाने, दातओठ खात, आवाज न करता. मोजपट्टीने इस्त्री पुन्हा फडक्यात धरली, दुसऱ्या हाताने आईचा खांदा धरला, आणि तिला बाहेरच्या खोलीत आणून खुर्चीवर बसवलं. टोलेकाका उठून उभे राहिले. त्यांची नजर आईच्या हाताकडे गेली, मग मलमकडे, मग जमिनीकडे. "मी गोष्ट सांगायला नको होती," ते पुटपुटले. "माझी घंटा नेहमी चुकीच्या वेळी."

"बरं झालं सांगितलीत, काका. बसा."

मोजपट्टी गुडघ्यावर बसली आणि इस्त्री जांभळ्या सुजेवरून फिरवू लागली. आई कळवळली.

"अहो, घासू नका."

मलम बोलला होता. टेबलापलीकडून तो सुजेकडे पाहत होता, आणि कार्डांकडे पाहताना जे डोळे विझलेले होते ते आता बारीक, नेमके झाले होते. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि हात पुढे केला. "द्या इकडे. घासलं की सूज पसरते. दाबून धरायचं असतं."

त्याने आपल्या लेकीला अहो म्हटलं होतं. तिने इस्त्री त्याच्या हातात दिली.

तो खाली बसला. आईचं मनगट त्याने अलगद मांडीवर घेतलं, सूज कुठे संपते ते बोटांनी चाचपलं आणि बरोबर मधोमध लोखंड टेकवलं. हात जराही थरथरत नव्हता. "श्वास घे," तो आईला म्हणाला. "नाकाने. शाब्बास, पोरा. कुणी मारलं एवढं?"

आईने दुसऱ्या हाताची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

त्याने मोकळा हात तिच्या डोळ्यांसमोर धरला. तीन बोटं. "किती?"

आईच्या डोळ्यांत पाणी इतकं होतं की तिला बहुधा काहीच दिसत नव्हतं. "दोन," ती म्हणाली.

मलमने बोटं मिटली. मग तो मान वळवून मोजपट्टीला हळूच म्हणाला, पोराच्या कानावर जाऊ नये अशा बेताने, "तुम्ही याच्या कोपऱ्यातल्या ना?"

"हो."

"याला दिसत नाहीये. डॉक्टरला मी गंडवेन, त्याचं काही नाही. पण पोरगं चांगलं आहे. काय करायचं?"

"थांबवायचं," मोजपट्टी म्हणाली.

तो विचारात पडला. तीस वर्षांत त्याने किती पोरांना पुन्हा रिंगमध्ये पाठवलं होतं, किती जणांच्या खांद्यावर अंगठा दाबला होता, ते त्याचं त्यालाच माहीत, आणि आता त्यालाही नाही. "शिव्या देईल तुम्हाला," तो म्हणाला.

"दिल्या आत्ताच."

"मग ठीक आहे."

"आणि तुझं पत्र?" आई हुंदका गिळून म्हणाली. "त्याचं काय?"

"उद्या कळवते. नाही म्हणून. आणि डॉक्टरांकडे जाते, हात दाखवायला तुलाही नेते."

"अगं पण—"

"हलू नकोस," मलम आईला दटावून म्हणाला.

टोलेकाकांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. टेबलावर आठ कार्डं लागलेली होती, दोन तशीच पडली होती. मोजपट्टीने हात लांब करून फ्रेझर उचलला आणि पाचव्या जागेवर ठेवला, फोरमनला एक घर खाली सरकवलं. मलमने तिकडे पाहिलं नाही. वहीतली आजच्या तारखेपुढची जागा तिने कोरीच सोडली. मग सवयच ती, मनातल्या मनात मोजायला लागली. साठ झाले. लोखंड एव्हाना कोमट झालं असणार. मलमने हात काढला नव्हता, आणि घंटा वाजवायला कुणीच पुढे होत नव्हतं.